‘एफएनयू’ पुसून आपलं नाव परत मिळवणं: काउंटी कोर्टातून नाव बदलण्याचा अनुभव

वैजू (सनीव्हेल, कॅलिफोर्निया) | ८ सप्टेंबर २०२५

गेल्या दोन महिन्यांत तीन मैत्रिणींनी फोन करून एकच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मे महिन्यापासून देशांतर्गत विमानप्रवासाला रिअल आयडीची, म्हणजे केंद्राच्या नियमांप्रमाणे पडताळलेल्या लायसन्स किंवा ओळखपत्राची, सक्ती झाली. त्यासाठी लायसन्स बदलायला गेलेल्या कितीतरी जणींना तेव्हा कळलं, की आपल्या कागदांवरची नावं एकमेकांशी जुळतच नाहीत.

माझी गोष्ट अशी. २००४ साली पासपोर्ट काढला तेव्हा तालुक्याच्या गावातल्या एका एजंटनं फॉर्म भरून दिला. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे सगळं त्यानं ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात लिहिलं आणि ‘सरनेम’चा रकाना मोकळा ठेवला. भारतात त्यानं कधी काही अडलं नाही. २००६ साली अमेरिकेचा व्हिसा आला, तेव्हा ते अख्खं नाव आडनावाच्या जागी गेलं आणि नावाच्या जागी तीन अक्षरं छापून आली: एफएनयू. फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. तिथून ती तीन अक्षरं लायसन्सवर गेली, विम्याच्या कार्डावर गेली, ग्रीन कार्डावर गेली. दवाखान्यात नर्स दार उघडून ‘फनू’ अशी हाक मारायची आणि मी उठून जायचे. बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव या देशातल्या एकाही सरकारी कागदावर माझं पहिलं नाव म्हणून नव्हतं. अठरा वर्षं मी त्या हाकेला ओ दिली, आणि दर वेळी मला वाईट वाटलं.

नागरिकत्वाचा अर्ज केला तेव्हा हे सहज सुटलं असतं. एन-४०० फॉर्ममध्येच ‘नाव बदलायचं आहे का’ असा प्रश्न असतो. मी ‘हो’ लिहिलं होतं. मुलाखतीत अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं, की नाव बदलण्याचा अधिकार इमिग्रेशन खात्याला नाही, तो कोर्टाला आहे. त्यामुळे नाव बदलायचं असेल तर शपथविधी न्यायाधीशापुढेच व्हावा लागतो आणि तशी तारीख लांबू शकते. माझी आई तेव्हा आजारी होती. मला लगेच पासपोर्ट घेऊन भारतात जायचं होतं, म्हणून मी ती विनंती मागे घेतली. ज्यांची मुलाखत अजून व्हायची आहे आणि ज्यांना घाई नाही, त्यांनी थांबावं, असं मी कळकळीनं सांगेन. तिथे नावासाठी वेगळी फी पडत नाही, आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्रच नव्या नावानं मिळतं.

मी थांबले नाही, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये सांता क्लारा काउंटीच्या सुपिरिअर कोर्टात अर्ज केला. वकील केला नाही. चौकशी केली तेव्हा एका कार्यालयानं सांगितलेला आकडा कोर्टाच्या फीच्या तिपटीहून जास्त होता, आणि काम मात्र पाच फॉर्म भरायचं.

ते फॉर्म कोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एनसी-१०० हा मुख्य अर्ज. एनसी-११० ही त्याची पुरवणी. ज्याचं नाव बदलायचं त्या प्रत्येकासाठी एक. एनसी-१२० हा कोर्टानं काढायचा जाहीर हुकूम: कुणाची हरकत असेल तर अमुक तारखेला येऊन कारण दाखवा. एनसी-१३० हा शेवटचा आदेश. तोही आपणच भरून द्यायचा, न्यायाधीश फक्त सही करतात. शिवाय सीएम-०१० हे दिवाणी दाव्याचं मुखपृष्ठ. फी ४३५ डॉलर, काही काउंट्यांत ४५०. उत्पन्न कमी असेल तर एफडब्ल्यू-००१ भरून फी माफ करून मिळते. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता जिथे माझा पाय घसरला ते सांगते. ‘सध्याचं नाव’ या जागी मी माझं खरं नाव लिहिलं, कारण माझ्या मनात मी नेहमी तीच होते. नव्या नावाच्या जागीही जवळजवळ तेच. फॉर्म दाखल करायच्या आधी कोर्टाच्या सेल्फ हेल्प सेंटरमध्ये दाखवले. कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक काउंटी कोर्टात असं केंद्र असतं, आणि ते फुकट असतं. तिथल्या बाईंनी माझं लायसन्स मागितलं, फॉर्मशेजारी ठेवलं आणि दोन्हींवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘ही आणि ही एकच व्यक्ती आहे, हे या कागदावरून कसं कळणार?’ तो आदेश तसाच निघाला असता तर त्यात एफएनयू हा शब्दच आला नसता आणि एकाही कार्यालयात त्याचा उपयोग झाला नसता. म्हणून सध्याच्या नावात एफएनयूसकट, कार्डावर जसं आहे तसं, त्याच क्रमानं लिहायचं. वेगवेगळ्या कागदांवर नावाची वेगवेगळी रूपं असतील तर ‘या नावानेही ओळखली जाते’ असं जोडून ती सगळी लिहायची. काही वगळायचं नाही.

आणि नवं नाव लिहिण्याआधी आठवडाभर विचार करा. माझ्या नावाच्या शेवटी आय लिहायचा की वाय, ‘जयंती’तल्या टीपुढे एच घालायचा की नाही, हे मी दहावीच्या सर्टिफिकेटवरून ठरवलं. कारण शिक्षणाचे कागद बदलणं सगळ्यात कठीण. बाकीचं सगळं त्यांच्याशी जुळवून घेता येतं.

अर्ज दाखल झाल्यावर सुनावणीची तारीख मिळते. कायद्यानं ती ६ ते १२ आठवड्यांच्या आत असते. मला नवव्या आठवड्यातली मिळाली. मधल्या काळात एनसी-१२० हा हुकूम वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा, असा सलग चार आठवडे छापून आणायचा. कुठलंही वर्तमानपत्र चालत नाही, कोर्टानं मान्यता दिलेल्यांची यादी असते. मला तीन ठिकाणी तीन दर सांगितले आणि सगळ्यात स्वस्त-महाग यांत दुपटीहून जास्त फरक होता. वाचकसंख्येला इथे महत्त्व नाही, तेव्हा स्वस्त घ्या. छापायच्या आधी ते प्रूफ पाठवतात. ते एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. एक अक्षर चुकलं तर चारही आठवडे पुन्हा मोजावे लागू शकतात. छापून झाल्याचा दाखला सुनावणीच्या आधी कोर्टात पोचलाच पाहिजे. वर्तमानपत्रवाले तो परस्पर पाठवतात का, हे आधी विचारून घ्या.

लेखी हरकत आली नाही तर न्यायाधीश सुनावणीशिवायही आदेश देऊ शकतात. माझी सुनावणी झाली. चार मिनिटं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, कर्ज किंवा गुन्हा लपवायला नाव बदलत नाही ना? मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, नव्या नावाचा उच्चार कसा करायचा? मी सांगितला. त्यांनी तो माझ्याकडे बघत दोनदा म्हटला, दुसऱ्यांदा अगदी बरोबर, आणि सही केली. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि भावाला फोन लावला. बोलता येईना.

आदेशाच्या पाच सर्टिफाइड कॉपी घेतल्या. कोर्टाचा शिक्का असलेली प्रतच चालते, घरी काढलेली झेरॉक्स नाही. पुढचा क्रम मोडू नका: आधी सोशल सिक्युरिटी, मग डीएमव्ही (लायसन्स देणारं खातं), मग पासपोर्ट, मग बँका आणि उरलेलं सगळं. सोशल सिक्युरिटीला एसएस-५ फॉर्म लागतो, फी नाही, नंबर तोच राहतो. डीएमव्ही त्यांच्याकडूनच नाव पडताळतं, म्हणून आधी ते. पासपोर्ट मिळून वर्ष झालं नसेल तर डीएस-५५०४ वर फुकट बदलून मिळतो. माझं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र अजून जुन्याच नावाचं आहे. त्याच्यासोबत कोर्टाचा आदेश जोडला आणि पासपोर्टचं काम झालं. ते प्रमाणपत्रही बदलायचं असेल तर एन-५६५ आहे, पण त्याची फी भरमसाट आहे आणि मला गरज पडली नाही.

काही विचारायचं असेल तर इथेच विचारा, विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) नको. म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

चारोळी | ८ सप्टेंबर

वाचनखूण साठवली. ‘फनू’ वाचून पोटात कालवलं, माझ्या सासूबाईंना इथे तशीच हाक मारतात.

देवगडकर (एडिसन, न्यू जर्सी) | ९ सप्टेंबर

वैजूताई, उत्तम लिहिलंत. न्यू जर्सीचं सांगतो, म्हणजे इकडची मंडळी कॅलिफोर्नियाचे फॉर्म घेऊन बसणार नाहीत. इथेही सुपिरिअर कोर्टच, लॉ डिव्हिजनमध्ये. अर्जाला ‘व्हेरिफाइड कंप्लेंट’ म्हणतात. नावावरून घाबरू नका, तक्रार कुणाविरुद्ध नसते. फी २५० डॉलर. वर्तमानपत्रात छापण्याची अट इथे २०२० साली काढून टाकली, तेव्हा कुणी छापून आणा म्हणालं तर ती जुनी माहिती आहे. मी २०१७ मध्ये केलं तेव्हा मात्र दोनदा छापलं होतं.

एक मनातलं. मीही वडिलांचं नाव आडनावातून काढून मधे घेतलं. पण ते पूर्ण गाळा असं जे काही जण सुचवतात, ते मला पटत नाही. आपल्याकडे माणसाच्या नावात त्याचा बाप असतो. इथे मधल्या नावाचं एकच अक्षर उरतं हे खरं, पण पासपोर्टवर ते पूर्ण छापलेलं असतं. माझे वडील खलाशी होते. त्यांना स्वतःचा पासपोर्ट कधी मिळाला नाही, आता त्यांचं नाव माझ्या पासपोर्टवर फिरतं.

मीनाक्षी_प (सॅन डिएगो) | ९ सप्टेंबर

देवगडकर, तुमचं वाचून भरून आलं. माझी बाजू थोडी वेगळी आहे.

१९९४ साली माझं लग्न झालं. लक्ष्मीपूजन झालं, ताटात तांदूळ पसरले आणि यजमानांनी अंगठीनं त्यात ‘अस्मिता’ असं लिहिलं. मला नाव आधी कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांबरोबर मीही वाकून वाचलं. ताट उचललं तेव्हा तांदूळ हलले आणि नाव गेलं, पण कागदांवर ते राहिलं. डिग्री मीनाक्षीची, पासपोर्ट अस्मिताचा. इथे आल्यावर माझी पदवी माझीच आहे हे पटवायला मला दोन वर्षं लागली. यजमान चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ते तीन वर्षांपूर्वी गेले. मी ५६ वर्षांची आहे आणि मला मीनाक्षी हे नाव परत हवं आहे. आडनाव त्यांचंच ठेवायचं आहे. लग्नाच्या दाखल्यावर हे होईल का? मी अमेरिकन नागरिक आहे.

वैजू | ९ सप्टेंबर

मीनाक्षीताई, लग्नाच्या दाखल्यावर नाही होणार. कॅलिफोर्नियात लग्नाच्या परवान्यावर मधलं नाव आणि आडनाव बदलता येतं, पहिलं नाव नाही. तुमचं तर लग्नही भारतातलं. तुम्हाला कोर्टाचाच रस्ता, पण तो अगदी सरळ आहे. एनसी-११० मध्ये कारण विचारतात, तिथे ‘जन्मनाव परत घेत आहे’ एवढं पुरे. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर त्याचं नाव जसंच्या तसं घ्या. सॅन डिएगोच्या कोर्टातही सेल्फ हेल्प सेंटर आहे, एकदा जाऊन याच.

आणि एक. इथे मी तुम्हाला मीनाक्षीताईच म्हणणार, आदेश यायचा तेव्हा येवो.

राधिका७ | १० सप्टेंबर

घटस्फोट झालेल्यांसाठी: कॅलिफोर्नियात घटस्फोटाच्या निकालातच माहेरचं नाव परत मागता येतं. तेव्हा मागितलं नसेल तर त्याच केसमध्ये नंतर एफएल-३९५ नावाचा एक छोटा फॉर्म देऊन मिळतं. वर्तमानपत्र नाही, सुनावणी नाही. हे मला कुणी सांगितलं नाही म्हणून मी नव्यानं अर्ज करून ४३५ डॉलर भरले.

अमोल_ऑस्टिन | १० सप्टेंबर

टेक्ससमध्ये बोटांचे ठसे द्यावे लागतात, अर्जासोबत ठशांचं कार्ड जोडावंच लागतं. ते नसल्यामुळे माझा अर्ज पडून राहिला. आधी ठसे, मग कोर्ट.

एक प्रश्न: मी ग्रीन कार्डवर आहे, पासपोर्ट भारतीय. कोर्टाचा आदेश आला, लायसन्स बदललं. आता कॉन्सुलेटमध्ये पासपोर्टचं काय?

वैजू | १० सप्टेंबर

अमोल, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

ज्या देशाचा पासपोर्ट, त्या देशातलं नाव आधी. तुम्ही भारतीय नागरिक असाल तर अमेरिकेतल्या काउंटी कोर्टाच्या आदेशानं भारतीय पासपोर्ट आपोआप बदलत नाही. व्हीएफएसमार्फत (कॉन्सुलेटसाठी अर्ज घेणारी कंपनी) पासपोर्ट नव्यानं काढायचा अर्ज करावा लागतो. नाव खरोखर वेगळं होणार असेल तर ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींची मूळ कात्रणं लागतात, एक भारतातल्या कायमच्या पत्त्याजवळच्या आणि एक तुम्ही राहता तिथल्या. ज्यांची अडचण नुसता सरनेमचा मोकळा रकाना एवढीच आहे, त्यांनी कोर्टात जाण्याआधी कॉन्सुलेटची यादी वाचावी. रकाना पासपोर्टवरच नीट झाला की पुढचा प्रत्येक कागद त्यावरून नीट होत जातो. मी २००६ ते २०२२ भारतीय पासपोर्टवर होते आणि या काळात तो दोनदा नवा केला. दोन्ही वेळा तो रकाना भरून घेता आला असता. मला ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

तुमचा आदेश आला आहे, तर आता पासपोर्ट त्याच्याशी जुळवून घ्या आणि मग आय-९० भरून ग्रीन कार्ड. तोवर विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या नावानंच काढा. लायसन्स नव्या नावाचं आहे म्हणून तिकीट तसं काढू नका.

तात्या_साताऱ्याचे | ११ सप्टेंबर

मी साताऱ्यात असतो, तिकडच्या कोर्टाचं मला काही कळत नाही. पण इकडच्या बाजूनं एक सांगायचं आहे, कारण धाकट्या बहिणीचं हे काम मी स्वतः धावपळ करून केलं.

तुम्ही तिकडे नाव बदलता आणि विसरता. इकडे वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ येते. जुन्या कागदांवर एक नाव, तुमच्या पासपोर्टवर दुसरं, आणि तलाठी विचारतो, ही बाई कोण? बरोबरच विचारतो. जमीन आहे, उद्या कुणीही येऊन मी मुलगी म्हणेल. म्हणून आदेश हातात आला की एका सर्टिफाइड कॉपीवर लगेच अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) करून घ्या आणि ती घरी पाठवून ठेवा. भारतानं २००५ साली अपॉस्टिलचा करार स्वीकारला आहे, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. सोबत ‘अमुक नावाची आणि तमुक नावाची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र. बहिणीनं आदेश पाठवला तो मेलवर, पीडीएफ. तो कुणी हातात घेईना. पुन्हा सगळं मागवण्यात पाच महिने गेले.

बँकेतलं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं, पॅन, एलआयसीचा वारस, हेही बघा. इकडे तुमच्यासाठी धावणारं माणूस आहे तोवर करून घ्या. माझं वय ७१ आहे.

वैजू | ११ सप्टेंबर

तात्या, तुमचा निरोप मी सगळ्यांना पाठवणार आहे. कॅलिफोर्नियात अपॉस्टिल सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळतं, एका कागदाला २० डॉलर. मी केलेलं नाही. या आठवड्यात करते.

संदीप_न | ११ सप्टेंबर

इतका खटाटोप कशाला? महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव छापून आणा, ऑनलाइन अर्ज होतो, कोर्ट-बिर्ट काही लागत नाही. माझ्या चुलत भावानं तसंच केलं.

देवगडकर | ११ सप्टेंबर

संदीप, भाऊ भारतात राहतो ना? त्याला गॅझेट पुरतं. भारतीय पासपोर्ट, आधार, बँक सगळीकडे चालतं. पण जो अमेरिकन नागरिक झाला त्याचं नाव महाराष्ट्राच्या राजपत्रानं बदलत नाही. त्याला इथलं कोर्टच.

सदाफुली (फ्रिमाँट) | १३ सप्टेंबर

तीन दिवस लिहू की नको करत होते.

माझं मूल १९ वर्षांचं आहे. जन्मतः मुलगा म्हणून नोंद, पण ती मुलगी आहे. हे तिनं आम्हाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं. मी शिकते आहे. इंग्रजीत एक शब्द बदलला की झालं. मराठीत प्रत्येक वाक्यात क्रियापद बदलावं लागतं: आलीस का, जेवलीस का, कुठे निघालीस. पहिले सहा महिने मी तिच्याशी अर्धवट वाक्यं बोलायचे. ‘जेवण झालं?’ असं. क्रियापद टाळायचं. एक दिवस ती म्हणाली, आई, चुकलं तरी चालेल, पण पूर्ण बोल.

तिला आता कोर्टातून नाव बदलायचं आहे. तिनं निवडलेलं नाव माझ्या आईचं आहे. मला एकाच गोष्टीची धास्ती आहे: तिचं जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी वर्तमानपत्रात छापून येणार का? आयुष्यभर कुणीही शोधून काढेल.

राधिका७ | १३ सप्टेंबर

सदाफुली, छापून येणार नाही. मी एका मदतकेंद्रात शनिवारी फॉर्म भरायला मदत करते, त्यामुळे खात्रीनं सांगते. लिंगओळखीशी जुळवून घेण्यासाठी नाव बदलत असेल तर कॅलिफोर्नियात वर्तमानपत्राची अट नाही. नाव आणि लिंगनोंद दोन्ही एकदम बदलायचं असेल तर फॉर्मचा वेगळा संच आहे, एनसी-२०० पासून सुरू होतो. २०२५ च्या नियमांप्रमाणे हरकतीसाठी सहा आठवड्यांची मुदत असते, आणि सबळ हरकत आली नाही तर सुनावणीही होत नाही. ‘हे तिचं खरं लिंग नाही’ एवढ्याच कारणाची हरकत कायदा सबळ धरत नाही. ती सज्ञान आहे, त्यामुळे सही तिचीच, आईवडिलांची संमती लागत नाही. पण तुम्ही सोबत जा. कोर्टाच्या खिडकीशी आई शेजारी उभी असली की फार फरक पडतो, मी पाहिलं आहे.

घरगुती हिंसेमुळे पत्ता गुप्त ठेवण्याच्या सरकारी योजनेत असलेल्यांनाही छापण्यातून सूट आहे. कुणाला गरज असेल तर लिहून ठेवते.

सदाफुली | १३ सप्टेंबर

तिला आत्ताच वाचून दाखवलं. राधिका, काय बोलू.

नवीनच (सॅन होजे) | १५ सप्टेंबर

मी वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. माझंही एफएनयूच आहे आणि त्यामुळे मुलाच्या शाळेच्या कागदांवर आईचं नाव चुकलं आहे. मुलगा सात वर्षांचा. त्याच्या मधल्या नावात नवऱ्याचं अख्खं नाव आडनावासकट घुसलं आहे. दोघांचं एकदम होईल का? नवरा कामासाठी सध्या पुण्यात आहे.

वैजू | १५ सप्टेंबर

होईल. एकच अर्ज, आणि एनसी-११० दोन, एक तुमचा आणि एक मुलाचा. मुलाच्या बाबतीत दोन्ही पालक अर्जदार असले तर उत्तम. नवऱ्याची सही घेऊन दोघांच्या नावानं अर्ज करा. तो अर्जात नसेल तर त्याला सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी नोटीस बजावावी लागते, आणि ती पुण्यात बजावत बसणं म्हणजे तारीख पुढे जाणं. सही आधी घ्या. तुमच्या ‘सध्याच्या नावा’त एफएनयू लिहायला विसरू नका.

अमोल_ऑस्टिन | १६ सप्टेंबर

व्हीएफएसला कागद पाठवले. जाहिरात छापायला कायमच्या पत्त्याजवळचं म्हणून लातूरचं वर्तमानपत्र शोधलं, बाबा स्वतः जाऊन देऊन आले. त्यांनी कात्रणाच्या सहा प्रती घेऊन ठेवल्यात.

मीनाक्षी_प | २९ सप्टेंबर

सेल्फ हेल्प सेंटरला जाऊन आले. अर्ज दाखल केला. तारीख डिसेंबरची मिळाली. कारणाच्या जागी तुम्ही सांगितलं तेवढंच लिहिलं. क्लार्कनं शिक्का मारलेली माझी प्रत मी देवापाशी ठेवली आहे. शेजारी यजमानांचा फोटो आहे. त्यांना ते आवडलं असतं असं मला वाटतं. त्यांनीही मला कधी विचारलं नव्हतं खरं, पण त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. नाव त्यांच्या आईनं ठरवलं होतं.

देवगडकर | २९ सप्टेंबर

मीनाक्षीताई, डिसेंबरमध्ये इथे येऊन सांगा.

नवीनच | ३ नोव्हेंबर

नवऱ्यानं दिवाळीला आल्यावर सही केली, आणि त्याच आठवड्यात अर्ज दाखल केला. माझ्या नावात एफएनयू लिहिलं, शिवाय ‘या नावानेही ओळखली जाते’ म्हणून तीन रूपं जोडली. मुलाच्या पुरवणीत त्याचं नाव त्यालाच लिहायला दिलं होतं, आधी कच्च्या कागदावर.

आज वर्तमानपत्राचं प्रूफ आलं. वैजूताई, तुम्ही लिहिलं होतं तसं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. माझं बरोबर होतं. मुलाच्या नव्या नावात एक एच कमी होता. त्यांना कळवलं, त्यांनी दुरुस्त करून परत पाठवलं. शुक्रवारी पहिल्यांदा छापून येईल.